फुकट की विकत, हा दुसरा प्रश्न: अँटिव्हायरस बसवणाऱ्या नवख्यांसाठी

मावशीचा लॅपटॉप सहा महिन्यांत इतका मंदावला होता की चालू करून कामाला लागेपर्यंत दहा मिनिटं जायची. "व्हायरसच असणार. पण मी तर तीन-तीन अँटिव्हायरस टाकलेत," ती म्हणाली. उघडून बघितलं तर खरंच तीन होते. पहिला लॅपटॉपसोबत आलेला, त्याची फुकट वापराची मुदत चार महिन्यांपूर्वीच संपलेली. दुसरा "तुमच्या संगणकात ४३ दोष सापडले" अशा जाहिरातीवर क्लिक करून आलेला. तो अँटिव्हायरस नव्हताच, फक्त घाबरवून पैसे मागत होता. तिसरा एका व्हिडिओ प्लेअरसोबत, आधीच टिक केलेल्या चौकटीतून आत शिरला होता आणि त्याने ब्राउझरचं पहिलं पान बदलून टाकलं होतं. तिघंही मशीन अडवून बसले होते आणि नव्या धोक्यांची ओळख मात्र एकालाही नव्हती.

यात मावशीची चूक आहे असं मला वाटत नाही. नवख्या माणसाला सगळे एकच प्रश्न विचारतात: फुकटचं घेणार की विकतचं? त्याच्या आधीचा प्रश्न कोणी विचारतच नाही: तुमच्या मशीनवर आत्ता पहाऱ्याला कोण आहे? हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. बहुतेकांकडे विंडोज असतं, म्हणून भर त्यावर. मॅक आणि मोबाइलबद्दल शेवटाकडे थोडं.

पायरी १: पहाऱ्यावर कोण आहे ते बघा

काहीही डाउनलोड करण्याआधी स्टार्ट बटण दाबा, 'विंडोज सिक्युरिटी' टाइप करा आणि ढालीचं चिन्ह असलेलं अ‍ॅप उघडा. त्यात 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' या पानावर ज्याचं नाव दिसेल, तो तुमचा सध्याचा अँटिव्हायरस. तिथे 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर' दिसेल किंवा दुसऱ्या एखाद्या कंपनीचं नाव. याच अ‍ॅपच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'मॅनेज प्रोव्हायडर्स' नावाची जागा आहे. विंडोजकडे नोंद झालेले सगळे अँटिव्हायरस तिथे एकाखाली एक दिसतात. कोण चालू, कोण बंद, हेही कळतं.

डिफेंडर हा विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्येच येणारा पूर्ण अँटिव्हायरस आहे. त्याआधी विंडोज ७ मध्ये याच नावाचा प्रोग्राम होता, पण तो फक्त हेरगिरी करणारे प्रोग्राम पकडायचा. व्हायरससाठी 'मायक्रोसॉफ्ट सिक्युरिटी इसेन्शियल्स' वेगळं उतरवून घ्यावं लागायचं. त्या काळात आणि नंतरही दोन-तीन वर्षं स्वतंत्र चाचण्यांत मायक्रोसॉफ्टचं नाव तळाला असायचं. "डिफेंडर काही कामाचं नाही" हा सल्ला तेव्हाचा आहे, आणि तेव्हा तो बरोबर होता. पुढे परिस्थिती बदलली, सल्ला मात्र तसाच एका तोंडातून दुसऱ्या कानात जात राहिला.

आता एक नियम नीट लक्षात घ्या, कारण अर्धे घोटाळे त्यातूनच होतात. बाहेरचा अँटिव्हायरस बसला आणि विंडोजकडे त्याची नोंद झाली, की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. बाहेरचा काढून टाकला की डिफेंडर परत कामाला लागतो. धोका मधल्या अवस्थेत असतो: बाहेरच्याची मुदत संपलेली, पण तो मशीनवरून काढलेला नाही. आपल्याला वाटतं संरक्षण आहे, आणि प्रत्यक्षात ते शिळं झालेलं असू शकतं. मावशीच्या लॅपटॉपवर हेच झालं होतं. नवीन मशीनसोबत ३० किंवा ९० दिवसांचा अँटिव्हायरस आला असेल, तर मुदत संपण्याची तारीख आजच लिहून ठेवा. त्या दिवशी एक तर पैसे भरायचे, नाही तर तो काढून टाकायचा. तसाच पडू द्यायचा नाही.

थोडं आतलं: तो ओळखतो कसा

हे वाचायचा कंटाळा येईल, पण पुढचे निर्णय यावरच घ्यायचे आहेत. जुनी पद्धत ओळखखुणांची: माहीत असलेल्या प्रत्येक घातक फाइलची खूण एका यादीत असते आणि तुमच्या फाइली त्या यादीशी ताडून बघितल्या जातात. यादी शिळी झाली की पद्धत निकामी, म्हणून अपडेट महत्त्वाचं. दुसरी पद्धत वागणुकीवरून ओळखण्याची. एखादा अनोळखी प्रोग्राम अचानक तुमचे शेकडो फोटो आणि कागदपत्रं उघडून बदलायला लागला, तर तो कोणत्याही यादीत नसला तरी त्याला थांबवलं जातं. तिसरी पद्धत म्हणजे संशयास्पद फाइलबद्दल कंपनीच्या सर्व्हरला विचारणं. काही मिनिटांपूर्वी जगात दुसरीकडे कुठे सापडलेली गोष्ट तुमच्याकडे अडवली जाते ती यामुळे, आणि त्यासाठी इंटरनेट चालू असावं लागतं.

पायरी २: घरात आहे ते आधी पुरतं चालू करा

डिफेंडर वापरायचा असो वा नसो, एकदा त्याच्या सेटिंग्ज बघून घ्या. बाहेरचा अँटिव्हायरस पुढे कधी निघाला, तर हाच कामाला येणार आहे.

'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये 'मॅनेज सेटिंग्ज' उघडा. तिथे 'रिअल-टाइम प्रोटेक्शन', 'क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन' आणि 'टॅम्पर प्रोटेक्शन' ही तिन्ही बटणं चालू असायला हवीत. तिसऱ्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. घातक प्रोग्राम आत शिरल्यावर आधी अँटिव्हायरस बंद करायला बघतो. टॅम्पर प्रोटेक्शन त्याला ते करू देत नाही. 'ऑटोमॅटिक सॅम्पल सबमिशन' हे चौथं बटण संशयास्पद फाइलींचे नमुने मायक्रोसॉफ्टकडे पाठवतं. ज्यात तुमची खासगी माहिती असू शकते अशी फाइल पाठवण्याआधी ते विचारतं. मी ते चालू ठेवतो. तुमच्या कामाच्या फाइली गोपनीय असतील, तर बंद ठेवण्यात काही गैर नाही.

मग 'अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये जा, 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन'च्या सेटिंग्ज उघडा आणि 'पोटेन्शियली अनवाँटेड अ‍ॅप ब्लॉकिंग' चालू करा, त्याखालच्या दोन्ही टिकांसकट. व्हिडिओ प्लेअरसोबत चोरपावलांनी येणारे टूलबार आणि नको असलेले 'क्लीनर' अडवले जातात ते इथे. मावशीच्या लॅपटॉपवर हे बंद होतं.

आता रॅन्समवेअरची गोष्ट. रॅन्समवेअर तुमच्या फाइलींना कुलूप घालतं आणि किल्लीसाठी खंडणी मागतं. त्यासाठी 'मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन'मध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' नावाची सोय आहे. ती चालू केली की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांसारख्या फोल्डरांत फक्त विश्वासातल्या प्रोग्रामलाच बदल करता येतो. ही सोय मुळात बंद असते, कारण ती थोडी त्रासदायक आहे: एखादा गेम किंवा कमी प्रसिद्ध प्रोग्राम फाइल सेव्ह करू शकत नाही आणि तुम्हाला कारण कळत नाही. तसं झालं तर त्याच पानावर 'अलाउ अ‍ॅन अ‍ॅप' म्हणून त्या प्रोग्रामला परवानगी द्या. पहिल्या आठवड्यात हे तीन-चार वेळा करावं लागतं, मग सुरळीत होतं. ज्यांच्या लॅपटॉपवर मुलांचे फोटो आणि वर्षानुवर्षांची कागदपत्रं आहेत, त्यांनी एवढा त्रास सोसावा असं मला मनापासून वाटतं. मात्र ही सोय डिफेंडरच्या पहाऱ्यावरच चालते. बाहेरचा अँटिव्हायरस आणला तर त्यात तशी सोय आहे का, हे विचारावं लागेल.

शेवटी 'स्कॅन ऑप्शन्स'मधून एकदा 'फुल स्कॅन' लावा. याला काही तास लागू शकतात, म्हणून चार्जर जोडून रात्री लावून ठेवा. रोजच्यासाठी 'क्विक स्कॅन' पुरतो आणि तो आपोआप होत राहतो. आत काहीतरी लपून बसलंय असा संशय असेल, तर 'ऑफलाइन स्कॅन' वापरा: मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच, साधारण १५ मिनिटांत, तपासणी होते. विंडोज चालू असताना जे स्वतःला झाकून घेतं, त्याला तेव्हा झाकून घ्यायला जागा नसते.

पायरी ३: आता ठरवा, पैसे द्यायचे का

या प्रश्नावर माझं मत स्पष्ट आहे. विंडोज अद्ययावत ठेवणारा, चोरीचं सॉफ्टवेअर न वापरणारा आणि अनोळखी अटॅचमेंट न उघडणारा एकटा माणूस असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे नीट लावलेला डिफेंडर त्याला पुरतो. हे केवळ अनुभवाचे बोल नाहीत. जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था संरक्षण, वेग आणि वापरातली सोय यांना प्रत्येकी ६, असे १८ पैकी गुण देते, आणि गेली काही वर्षं डिफेंडरला बहुतेक वेळा पूर्ण किंवा जवळपास पूर्ण गुण मिळत आले आहेत. निकाल कोणालाही बघता येतात. कुठलाही अँटिव्हायरस घेण्याआधी त्याचं नाव तिथे आणि ऑस्ट्रियातल्या एव्ही-कम्पॅरेटिव्हज या संस्थेच्या निकालांत शोधा. ज्याचं नाव दोन्हीकडे कधीच दिसत नाही, त्याला मी माझ्या मशीनवर जागा देणार नाही, मग त्याची जाहिरात कितीही मोठी असो.

माझा एक मित्र नेमकं उलट म्हणतो, आणि त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. तो म्हणतो, डिफेंडर सगळ्यांकडे आहे, म्हणून घातक प्रोग्राम लिहिणारा पहिल्यांदा डिफेंडरला चुकवूनच बघतो. दुसरं, इंटरनेट नसताना डिफेंडरची ओळखण्याची ताकद बरीच कमी होते. एव्ही-कम्पॅरेटिव्हज आपल्या काही चाचण्यांत इंटरनेट असताना आणि नसताना असे वेगळे आकडे देते, आणि डिफेंडरच्या बाबतीत ही दरी ठळक दिसते. जो माणूस सतत पेन ड्राइव्हवरून फाइली घेतो आणि बराच वेळ इंटरनेटशिवाय काम करतो, त्याच्यासाठी हा मुद्दा वजनदार आहे. अशांनी चांगल्या गुणांचा बाहेरचा अँटिव्हायरस घ्यावा, हे मला मान्य आहे.

पण 'बाहेरचा' म्हणजे 'विकतचा' असं नाही. आणि इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. अनेक कंपन्यांच्या फुकट आणि विकतच्या आवृत्त्यांत व्हायरस ओळखणारं इंजिन एकच असतं. पैसे भरले म्हणून तोच व्हायरस जास्त पकडला जातो असं नाही. पैसे जातात ते बाकीच्या गोष्टींसाठी: व्हीपीएन (तुमची इंटरनेटवरची ये-जा झाकून नेणारी सोय), पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड एका कुलपात ठेवणारा प्रोग्राम), मुलांच्या वापरावर देखरेख, एकाच परवान्यात घरातली चार-पाच उपकरणं, आणि अडचण आली तर बोलायला माणूस. यांतलं तुम्हाला खरोखर काय लागतं, ते कागदावर लिहा. व्हीपीएन पाहिजे असेल तर त्या पॅकेजमध्ये रोजच्या डेटाची मर्यादा आहे का बघा. काहींत ती इतकी कमी असते की एक चित्रपटही पूर्ण बघता येत नाही. पासवर्ड मॅनेजर वेगळा, चांगला आणि फुकट मिळतो. मुलांच्या देखरेखीची साधी सोय विंडोज आणि अँड्रॉइड दोन्हींत आहे. या यादीत मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो शेवटचा मुद्दा, बोलायला माणूस. घरात कोणालाच यातलं कळत नसेल, तर तेवढ्यासाठी पैसे देणं मी चुकीचं मानणार नाही.

आता फुकटच्याची बाजू. बाहेरचा फुकट अँटिव्हायरस चालवायला कंपनीला खर्च येतोच, आणि तो कुठून तरी वसूल होतो. बहुतेक ठिकाणी तो "आता अपग्रेड करा" अशा सततच्या खिडक्यांमधून होतो, म्हणजे त्रास, पण नुकसान नाही. कधीकधी मात्र किंमत वेगळीच निघते. अवास्ट या प्रसिद्ध अँटिव्हायरसने आपल्या वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या आपल्याच उपकंपनीमार्फत विकल्याचं जानेवारी २०२० मध्ये उघड झालं. कंपनीने जंपशॉट बंद केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावण्याची कारवाई जाहीर केली. ज्याला पहाऱ्याला ठेवलं त्यानेच घरातल्या गोष्टी बाहेर विकाव्यात, याचा मला आजही राग येतो. म्हणून फुकटचा अँटिव्हायरस बसवल्यावर पहिलं काम प्रायव्हसी सेटिंग्ज उघडून माहिती देण्याच्या सगळ्या टिका काढण्याचं. आणि एक गोष्ट ध्यानात असू द्या: नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी आणि अविरा ही चारही नावं आज जेन डिजिटल या एकाच कंपनीकडे आहेत. चार नावांत तुलना करताना आपण एकाच घरातल्या भावंडांची तुलना करतोय, हे माहीत असलेलं बरं.

लहान व्यवसाय असणाऱ्यांसाठी वेगळा इशारा. अनेक फुकट अँटिव्हायरसच्या अटींत "फक्त वैयक्तिक वापरासाठी" असं लिहिलेलं असतं. दुकानाच्या, दवाखान्याच्या किंवा हिशेबाच्या मशीनवर ते बसवणं म्हणजे परवान्याचा भंग. शिवाय तुमच्याकडे इतरांची माहिती असते. तिथे एक तर डिफेंडर नीट लावा, नाही तर व्यावसायिक परवाना घ्या.

आणखी एक मधला मार्ग आहे, तो मला आवडतो. पहाऱ्याला डिफेंडर, आणि शंका आली की दुसऱ्याचं मत घ्यायला मालवेअरबाइट्ससारख्या प्रोग्रामची फुकट आवृत्ती. ती सतत पहारा देत नाही, सांगितल्यावरच तपासते, म्हणून दोघांत भांडण होत नाही. फक्त बसवल्यावर सुरुवातीला विकतच्या आवृत्तीची चाचणी आपोआप चालू होते का, ते बघा आणि झाली तर बंद करा.

पायरी ४: बाहेरचा बसवायचा ठरला, तर हा क्रम पाळा

आधी जुना काढा. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत; सतत पहारा देणारे दोन अँटिव्हायरस एकाच मशीनवर एकमेकांच्या फाइली तपासत बसतात, मशीन रखडतं, आणि प्रसंगी दोघंही एकमेकांना संशयित ठरवतात. 'सेटिंग्ज', 'अ‍ॅप्स', 'इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स' इथून जुना अनइन्स्टॉल करा. अँटिव्हायरस विंडोजमध्ये खोल रुतलेला असतो, त्यामुळे एवढ्याने तो पूर्ण निघेलच असं नाही. बहुतेक कंपन्या स्वतःच्या संकेतस्थळावर मागचे अवशेष साफ करणारं वेगळं टूल देतात, ते चालवा. मग मशीन रीस्टार्ट करा. ही रीस्टार्टची पायरी गाळू नका. डिफेंडर काढायचा नसतो, तो काढता येतही नाही. तो आपणहून बाजूला होईल.

नवा अँटिव्हायरस फक्त कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरून घ्या. शोधून काढताना सर्वात वर येणारे निकाल अनेकदा जाहिराती असतात, आणि हुबेहूब दिसणारी नकली पानं तिथेच पैसे भरून वर आलेली असतात. जाहिरात ओलांडून खाली जा किंवा पत्ता स्वतः टाइप करा. ज्या "फ्री डाउनलोड" साइटवर एका पानात पाच हिरवी बटणं असतात, तिथून कधीही घेऊ नका.

इन्स्टॉलर चालवला की विंडोज परवानगी मागतं. त्या खिडकीत 'व्हेरिफाइड पब्लिशर'समोर कंपनीचं नाव असलं पाहिजे. 'अननोन' लिहिलं असेल तर तिथेच थांबा. पुढे 'कस्टम' हा पर्याय असेल तर तो निवडा आणि ब्राउझरचं एक्स्टेन्शन, दुसरा ब्राउझर, सर्च बदलणं, 'क्लीनअप'चं टूल अशा सगळ्या टिका काढा. तुम्ही अँटिव्हायरस घ्यायला आलात, तेवढाच घ्या.

बसल्यावर आधी अपडेट, मग रीस्टार्ट, मग फुल स्कॅन. शेवटी पायरी १ मधलं पान परत उघडून बघा: तिथे नव्याचं नाव आलंय का?

कोणी "हा प्रोग्राम बसवताना अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करा" असं सांगत असेल, तर तो प्रोग्राम बसवूच नका. फुकटात मिळणाऱ्या क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरसोबत ही सूचना हमखास असते. मी साफ केलेल्या मशीनांपैकी निम्म्यांचा मूळ घाव तिथलाच होता.

पायरी ५: तो जागा आहे का, तपासून बघा

यासाठी खरा व्हायरस लागत नाही. आयकार नावाच्या संस्थेने एक चाचणी फाइल सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे. ती म्हणजे फक्त ६८ अक्षरांची एक ओळ आहे, तिच्यात घातक काहीही नाही, पण सगळ्या अँटिव्हायरस कंपन्यांनी तिला व्हायरस समजायचं असं आपसात ठरवलेलं आहे. आयकारच्या संकेतस्थळावरून ती उतरवायचा प्रयत्न करा. फाइल हाताशी येण्याआधीच इशारा आला, तर सगळं ठीक. फाइल गुपचूप उतरली आणि उघडलीही गेली, तर मागच्या पायऱ्यांत काहीतरी राहिलंय. मी प्रत्येक इन्स्टॉलेशननंतर हे करतो. दोन मिनिटं लागतात.

इशारा आला, आता काय?

आधी घाबरू नका, आणि इशारा कोण देतंय ते बघा. ब्राउझरच्या आत, पूर्ण पडद्यावर, भोंगा वाजवत आणि "या नंबरवर ताबडतोब फोन करा" म्हणणारा इशारा खोटा असतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. नंबर फिरवला की पलीकडचा माणूस तुमच्या मशीनचा ताबा मागतो, आणि खरं नुकसान तिथून सुरू होतं. पान बंद होत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर तिथून बंद करा. पडद्याच्या कोपऱ्यात वारंवार "व्हायरस सापडला" येत असेल, तर बहुधा कधीतरी कुठल्या तरी संकेतस्थळाला नोटिफिकेशनची परवानगी दिली गेलेली असते. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ती काढली की इशारे थांबतात. तुमची मुदत संपल्याचं किंवा पैसे कापले गेल्याचं सांगणारे ई-मेलही याच जातीचे. लिंक न दाबता अँटिव्हायरस स्वतः उघडून तारीख बघा.

इशारा खरा असेल तर अँटिव्हायरसने फाइल बहुतेक 'क्वारंटाइन'मध्ये टाकलेली असते: म्हणजे ती चालू शकणार नाही अशा कोठडीत. ती लगेच पुसायची घाई नको, कारण कधीकधी चोर सोडून संन्याशाला फाशी होते. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका चुकीच्या अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक अत्यावश्यक फाइल व्हायरस ठरवली आणि असंख्य संगणक पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत बसले. इतकं मोठं रोज घडत नाही, पण एखाद्या लहान, उपयोगी प्रोग्रामवर आळ येणं नेहमीचं आहे. शंका असेल तर व्हायरसटोटल या संकेतस्थळावर फाइल टाका. तिथे ती एकाच वेळी सत्तरच्या आसपास इंजिनांकडून तपासली जाते. दोघांनीच बोट दाखवलं आणि फाइल ओळखीच्या ठिकाणची असेल, तर बहुधा खोटा आळ. तीस-चाळीस जणांनी दाखवलं तर पुसून टाका. तिथे टाकलेल्या फाइली इतर संस्थांनाही बघायला मिळतात, म्हणून करार, वैद्यकीय अहवाल, ओळखपत्रं तिथे टाकू नका.

विकत घेतलंत, तर नूतनीकरणावर डोळा ठेवा

पहिल्या वर्षाची किंमत आणि दुसऱ्या वर्षाची किंमत यांत अनेकदा मोठा फरक असतो, आणि 'ऑटो-रिन्यूअल' आधीच चालू असतं. पैसे भरल्याच्या दिवशीच खात्यात जाऊन ते बंद करा. परवान्याचे उरलेले दिवस त्यामुळे जात नाहीत. पुढच्या वर्षी हवंच असेल, तर तेव्हाचा नवीन ग्राहकांचा दर बघून ठरवा.

मॅक आणि मोबाइल

मॅकमध्ये घातक प्रोग्राम ओळखणारा एक्सप्रोटेक्ट आणि अनोळखी अ‍ॅप अडवणारा गेटकीपर हे दोन्ही अंगभूत आहेत. अनोळखी अ‍ॅपचा इशारा मुद्दाम डावलला नाही तर बहुतेकांना तेवढं पुरतं. आयफोनवर एक अ‍ॅप दुसऱ्या अ‍ॅपच्या आत डोकावू शकत नाही, त्यामुळे तिथे 'अँटिव्हायरस' म्हणून मिळणारी अ‍ॅप्स खऱ्या अर्थाने फोन तपासू शकत नाहीत. त्यासाठी पैसे देऊ नका. अँड्रॉइडवर प्ले प्रोटेक्ट (प्ले स्टोअरमधली, अ‍ॅप्स तपासणारी सोय) चालू आहे ना बघा, आणि मेसेजमधून आलेली एपीके फाइल (अ‍ॅप थेट बसवणारी फाइल) कोणाच्याही सांगण्यावरून बसवू नका.

त्याच्या हाताबाहेरचं

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय या रॅन्समवेअरने १५० हून अधिक देशांत २ लाखांहून जास्त संगणक पकडले. ज्या भोकातून ते पसरलं, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेलं होतं. दोन महिने ज्यांनी अपडेट पुढे ढकललं, त्यांना ते भोवलं. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यावर डिफेंडरची ओळखयादी ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहे, म्हणून अनेक जण निर्धास्त आहेत. पण यादी ताजी असली तरी विंडोजमधली नवी भोकं त्याने बुजत नाहीत. शक्य असेल तर विंडोज ११ वर जा, नाही तर मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करा. सर्वात महागडा अँटिव्हायरसही ही उणीव भरून काढत नाही.

फाइलींची खरी ओळख दिसू द्या, हेही त्यातच. विंडोज मुळात फाइलचं शेपूट, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी आणि फाइलचा प्रकार सांगणारी अक्षरं, लपवतं. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' हा व्हायरस जगभर पसरला तो याच सवयीचा फायदा घेऊन: अटॅचमेंट साध्या मजकुराची फाइल दिसायची आणि लपलेलं शेवटचं शेपूट प्रोग्रामचं असायचं. फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू', 'शो', 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. मग 'पीडीएफ' नंतर 'ईएक्सई' असं काही असेल तर डोळ्यांना दिसेल.

आणि बॅकअप. सगळं करूनही एखादा दिवस असा येतो की काहीतरी निसटतं, आणि तेव्हा बॅकअपचा विचार करणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. मावशीच्या लॅपटॉपवरचे तिन्ही काढले, डिफेंडर वरच्या पद्धतीने लावला, रात्रभर फुल स्कॅन चालवला. चालू व्हायला आता मिनिटभरही लागत नाही. मग तिला एक बाहेरची हार्ड डिस्क लावून दिली. महिन्याच्या १ तारखेला ती जोडते, फोटो आणि कागदपत्रं उतरवते, आणि काढून कपाटात ठेवते. काढून ठेवते हे महत्त्वाचं, कारण जोडलेली डिस्क रॅन्समवेअरला लॅपटॉपइतकीच उघडी असते.